आरामाची ड्युटी

निर्मलाताईंना हळू बोलता येत नसे. यात त्यांचा काही दोष नव्हता. नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बगिच्यात त्यांचे वडील रखवालीला होते. झोपडी बगिच्याच्या एका टोकाला, विहिरीवरची मोटार दुसऱ्या टोकाला, आणि लाइट आली की 'मोटार चालू करा' हा निरोप झाडांच्या पलीकडे पोचवायचं काम या पोरीचं. "तवापासून आवाज असाच झाला माहा," त्या सांगत, "मोटारीच्या हिशोबाचा."

कारखान्यात कुणी डबा खाताना त्यांच्या कानाशी लागून मनातलं काही सांगितलं, की त्या नीट ऐकून घेत. मग आपल्याला बरोबर समजलंय ना याची खात्री करण्यासाठी विचारत, "म्हंजे सासूनं कपाटाची चाबी अजूनबी देल्ली नाही तुले?" हे पार भट्टीपर्यंत ऐकू जाई. गंमत अशी, की तरीही बायका त्यांनाच सांगायच्या.

आमचा कारखाना नमकीनचा. शेव, चिवडा, मसाला डाळ. मी तिथं तपासणीच्या खोलीत होते. तेल काळं पडलं का, मीठ बरोबर आहे का, पाकिटातून हवा जाते का, असली माझी कामं. खोलीच्या काचेतून पॅकिंगची ओळ दिसे. तिथल्या सगळ्या बायका ठेकेदाराकडून आलेल्या. ओळीतली पहिली जागा निर्मलाताईंची. ती त्यांना कुणी दिली नव्हती आणि कुणाला हवीही नव्हती, कारण भट्टीची धग सगळ्यात आधी तिथं येई. त्यांना मात्र तीच पसंत. "अठून दरवाजा दिसते. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाचं तोंड उतरलं, समदं दिसते."

उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवत, पण तो कडक इस्त्रीचा. नवऱ्याचं, म्हणजे प्रल्हादभाऊंचं, घराजवळ, हुडकेश्वरला, इस्त्रीचं दुकान होतं. अख्ख्या शेडमध्ये इस्त्री केलेला शर्ट दोघांच्याच अंगावर दिसायचा, एक मॅनेजरसाहेबांच्या आणि एक निर्मलाताईंच्या. दुसऱ्याच्या डब्याविषयी त्यांचं मत तयार असे, आणि ते विचारावं लागत नसे. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी चाखून एकदा म्हणाल्या, "मॅडम, ही भाजी तुम्ही केली, का कोणावरचा राग काढला?" पण हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की मोठ्या डब्यात सांबारवड्या घेऊन येत, आणि सगळ्या बायका खाली बसल्याशिवाय डब्याचं झाकण उघडत नसत. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही, असा त्यांचा पक्का समज होता.

पाकिटं बंद करणाऱ्या मशीनला त्यांनी 'जावई' असं नाव ठेवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "रोज कायले ना कायले रुसते, अन् समदे त्याच्याच मांगं." दोन तापलेल्या पट्ट्या एकमेकींवर येऊन पाकिटाचं तोंड चिकटवत. पट्ट्यांपुढे हात जाऊ नये म्हणून एक जाळी होती, पण जाळी जरा हलली की मशीन आपोआप थांबे. त्यानं माल कमी निघे. म्हणून तिचा स्विच बांधून टाकून जाळी कोपऱ्यात ठेवलेली असायची.

एका वर्षी सुरक्षेची शपथ घ्यायचा कार्यक्रम झाला. सगळ्यांना ओळीनं उभं केलं, मॅनेजरसाहेब समोर, आणि नेमका लाउडस्पीकर बंद पडला. तेव्हा कुणीतरी सुचवलं, निर्मलाताईंच्या हातात कागद द्या, लाउडस्पीकरची गरजच काय. निर्मलाताईंनी पदर खोचला. एकेक ओळ त्या वाचत आणि बायका त्यांच्यामागून म्हणत.

"मी माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या जिवाची काळजी घेईन."

सगळ्या म्हणाल्या.

"सुरक्षा जाळी काढलेली असताना मी यंत्र चालवणार नाही."

सगळ्या म्हणाल्या. निर्मलाताई थांबल्या. कागदावरून मान वर करून त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग जावयाची जाळी कोणं काढली?"

शपथेचीच ओळ समजून सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "मंग जावयाची जाळी कोणं काढली?"

साहेबांना हसू आवरेना. त्याच दिवशी जाळी परत लागली. काही दिवस राहिली. मग दिवाळीची मागणी आली आणि जाळी पुन्हा कोपऱ्यात गेली.

त्याच दिवाळीच्या आधी ते झालं. दुपारची वेळ होती. एक पाकीट पट्ट्यांमध्ये अडकलं आणि ते काढायला निर्मलाताईंचा डावा हात आत गेला. मी काचेतून पाहत होते. त्या किंचाळल्या नाहीत. "बंद करा!" असं एकदाच म्हणाल्या, आणि तो आवाज असा होता की भट्टीवरच्या माणसानं भट्टीसुद्धा बंद केली. मी धावत पोचले तोवर हात बाहेर निघाला होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं चेपली आणि भाजलीही. साहेबांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. रस्ताभर त्या मलाच सांगत होत्या, "रडू नोको पोरी. मले लागलं, तुले नाही." तोपर्यंत मी त्यांची मॅडम होते. त्या दिवसापासून पोरी झाले.

दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. त्याचं नाव ढोबळे. माणूस वाईट नव्हता, पण अपघाताची खबर वर गेली तर चौकशी होईल, जाळीचं विचारतील, ठेका जाईल, या भीतीनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. त्यानं स्टूल ओढलं, आजूबाजूला पाहिलं आणि वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, कोणी विचारलं तं घरी लागलं म्हणून सांगा. मिक्सरमंदी हात गेला. कारखान्याचं नाव नोका घेऊ. औषधपाणी आम्ही पाहून घेऊ."

निर्मलाताईंनी नेहमीप्रमाणे नीट ऐकून घेतलं. मग खात्री करून घ्यायला विचारलं, "मिक्सरमंदी? माह्या घरी मिक्सर कुठी आहे गा ढोबळेभाऊ? पाट्यावरच तं वाटतो आम्ही!"

सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. पलीकडच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये असलेले एक आजोबा होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "कोणत्या मिक्सरमंदी गेला जी हात?"

"कोणत्याच नाही बाबाजी," निर्मलाताई म्हणाल्या. "हे म्हणून राहिले, मिक्सरमंदी गेला असं सांगा."

ढोबळे उठून गेला. आम्हाला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी हुडकेश्वरच्या घरी एक खोकं आलं. आणणारा माणूस नाव न सांगता ठेवून गेला. प्रल्हादभाऊंनी उघडून पाहिलं, तर आत नवाकोरा मिक्सर!

यात काय पणाला लागलं होतं, ते प्रल्हादभाऊंना मी समजावून सांगितलं. काम करताना इजा झाली, तर हात बरा होईपर्यंत जेवढे दिवस घरी बसावं लागेल, त्या दिवसांच्या पगाराचा मोठा भाग कामगार विमा भरून देतो. हात कायमचा अधू राहिला तर त्याचंही पुढे मिळतं. तीच इजा घरी झाली म्हटलं, तर आजारपणाचे म्हणून थोडे पैसे, तेही थोडेच दिवस, आणि पुढचं काही नाही. घर निर्मलाताईंच्या पगारावर चालत होतं. इस्त्रीच्या दुकानातून प्रल्हादभाऊंचा चहा आणि कोळसा निघे, असं त्या स्वतःच म्हणत.

प्रल्हादभाऊ अतिशय मऊ माणूस. कपड्याला कांजी लावायची तरी गिऱ्हाइकाला दोनदा विचारणारे. ते खोकं घेऊन दवाखान्यात आले आणि खाटेशी उभे राहिले. निर्मलाताई आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, शिफ्ट सुटाच्या टाइमले न्या जी. समद्याइच्या समोर द्या. अन् भांडू नोका."

संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा कारखान्याच्या गेटवर प्रल्हादभाऊ डोक्यावर खोकं घेऊन उभे होते. वॉचमननं विचारलं, काय आहे? प्रल्हादभाऊ म्हणाले, "ढोबळेसाहेबांचा मिक्सर आहे जी. आमच्या घरी विसरले."

ते भांडले नाहीत. भांडायची गरजच पडली नाही. पॅकिंगच्या बायका गेटवर थांबल्या, भट्टीवाले थांबले, आणि एवढी गर्दी कशाची म्हणून मॅनेजरसाहेब खाली आले. बायकांनी त्यांना माझ्याकडून कळलेली मिक्सरची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, तुम्ही काय पाहिलं? मी पाहिलं ते सांगितलं. मशीन कोणतं, हात कसा गेला, जाळी कुठं होती. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी अपघाताची खबर विमा कार्यालयात गेली. जाळी बसली ती पुन्हा निघाली नाही. मिक्सरचं खोकं बरेच दिवस ढोबळेच्या टेबलाखाली होतं. ते घरी न्यायची त्याला लाज वाटत असावी.

पहिले पैसे बँकेत आले तेव्हा निर्मलाताईंचा मला फोन आला. आवाज संशयाचा.

"पोरी, बँकेत पैसे आले. कोणाचे आहेत?"

"तुमचेच ताई. विम्याचे."

"पण मी तं काम नाही केलं."

"तुमच्या पगारातून दर महिन्याला थोडे कापले जातात ना? मालकालाही भरावे लागतात. काम करताना लागलं म्हणून आता हाताला आराम द्यायचा, आणि त्या दिवसांचे पैसे विमा देणार."

"म्हंजे दया-बिया नाही ना?"

"नाही."

"मंग आराम कराच लागते," त्या म्हणाल्या. "पैसे घेतले तं काम चोख पाह्यजे."

आणि खरोखरच त्यांनी आराम चोख केला. सकाळी आंघोळ करून, चांगली साडी नेसून, शिफ्टच्या वेळेला अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. जेवायच्या सुट्टीला उठायच्या, सुट्टी संपली की परत खुर्चीत. शेजारच्या लग्नघरातून पापड लाटायला बोलावणं आलं. त्यांच्या हातचे पापड गल्लीत नावाजलेले, आणि तिथं जायला त्यांचा जीव तुटत होता. पण म्हणाल्या, "नोको वं माय, मी ड्युटीवर आहो."

"कायची ड्युटी?"

"आरामाची. काम करताना दिसलो तं पैसे बंद."

एक शेजारीण येता-जाता म्हणायची, "बरं आहे बाई तुहं, बसल्या जागी पगार." निर्मलाताईंनी दोनचारदा ऐकून घेतलं. मग एक दिवस शेजारची खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, "ये, तूबी बस. पण आंधी हात घाल मशीनमंदी. मी सांगतो कोणता घालाचा थे." त्यानंतर ती बाई दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागली.

एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार, आणि खाली जमिनीवर प्रल्हादभाऊ परातीत ज्वारीचं पीठ मळत होते. निर्मलाताई खुर्चीतून सूचना देत होत्या. "पाणी थोडंच टाका जी. भाकर कराची आहे, त्यात पोहाचं नाही." भाकरीला कडा नव्हत्या, जाडी चारी बाजूंनी वेगळी. पण ती त्यांनी मला मोठ्या कौतुकानं वाढली.

जेवणं झाल्यावर प्रल्हादभाऊ हात पुसून त्यांच्यामागे बसले आणि त्यांची वेणी घालू लागले. मी गडबडून दुसरीकडे पाहिलं. एका हातानं वेणी घालता येत नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रल्हादभाऊंच्या बोटांना इस्त्रीचे जुने डाग होते. ते एकेक पेड ओढून, चापून, कपड्याची घडी घालावी तसे बसवत होते. "इतकी टाइट घालते हा माणूस," निर्मलाताई म्हणाल्या, "का डोयेबी मिटत नाही माहे." पण मान त्यांनी अगदी सरळ, स्थिर धरली होती.

प्रल्हादभाऊ दुकान उघडायला गेले आणि आम्ही दोघीच उरलो. त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. मी जवळ सरकले. तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "बोटं नाही वळली तं ठेवतीन का वं मले?"

इतक्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांचा चांगला हात धरून बसले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. चहा ठेव. साखर वरच्या डब्यात आहे."

त्याच सुमाराला ओळीतल्या मनीषाच्या पायावर भट्टीचं तेल उडालं. मनीषा नवी होती, लग्न होऊन नुकतीच शहरात आलेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पायाला ओढणी गुंडाळून, लंगडत उभी राहून काम करत होती. मी विचारलं तर म्हणाली, चप्पल लागली. फोनवर बोलता बोलता हे मी निर्मलाताईंच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेटवर हजर. हात गळ्यात बांधलेला, शेजारी प्रल्हादभाऊ, मागे रिक्षा उभी. ढोबळेला वाटलं, त्या कामावर परत आल्या. तो आनंदानं पुढे झाला. "या ना ताई, आत या. बसल्या बसल्या पाकिटावरच्या तारखा पाहा, हलकंच काम आहे."

निर्मलाताई गेटबाहेरच थांबल्या. "मी आत नाही येत. माहा आराम सुरू आहे. अठी पाय टाकला तं तुम्ही म्हणसान, निर्मला कामाले लागली. मनीषाले बाहेर पाठवा."

ऊन कडक होतं. वॉचमननं आपली खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. शेवटी मनीषा लंगडत आली. निर्मलाताईंनी खाली वाकून ओढणी सोडली आणि पाय पाहिला. मनीषाचे डोळे भरून आले.

"काहून लपवलं वं?"

"खाडे पडतीन न ताई. घरी काय सांगू?"

"कामावर भाजलं तं थे खाडे नसते, पोरी. थे दिवस भरून भेटते. पायात पाणी झालं तं काय करशीन?" मग ढोबळेकडे वळून, रागावल्याचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हिची खबर आजच द्याजा. अन् हिच्या घरी बी मिक्सर नाही."

गेटवरचे सगळे हसले. ढोबळेही हसला, आणि मला वाटतं, त्या दिवशी तो आपल्या भीतीतून सुटला. कारण मनीषाची खबर त्यानं स्वतः नेऊन दिली. पुढे कुणाला खरचटलं तरी आधी त्यालाच येऊन विचारायच्या बायका, आणि तो नीट सांगायचा.

बोटं वळली नाहीत. बऱ्याच तपासण्या झाल्या, डॉक्टरांच्या मंडळासमोर जाऊन यावं लागलं. शेवटी ठरलं, की ही दोन बोटं कायमची ताठ राहणार आणि त्यापोटी दर महिन्याला थोडी रक्कम आयुष्यभर मिळणार. निर्मलाताई भेटेल त्याला हात दाखवून सांगायच्या, "ह्या दोघी पेन्शनवर गेल्या. बाकीच्या आठजणीइले अजून कमवा लागते."

कारखान्यानं त्यांना परत घेतलं. ओळीच्या शेवटच्या जागी, पाकिटावरच्या तारखा पाहायला. तिथून दरवाजा दिसत नसे. पहिल्या दिवशी त्या जरा हिरमुसल्या. चारपाच दिवसांत मात्र शेवटच्या जागेवरून सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि पाठीवरून जास्त कळतं, असं त्यांचं मत झालं. पहिल्या जागी मनीषा उभी राहू लागली.

पुढे मी ती नोकरी सोडली. दुसरीकडे गेले. फोन होत, मग सणासुदीला होत, मग तेही विरळ झाले.

मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीच्या नव्या घराच्या निमित्तानं हुडकेश्वरला जाणं झालं. सकाळची वेळ होती. मी रस्त्याच्या कडेला रिक्षा शोधत उभी होते. समोरून एक लाल स्कूटी आली. चालवणारं माणूस नवशिकं आहे हे लांबूनच दिसत होतं. गाडी सरळ होती, पण चालवणारीचे खांदे कानांपर्यंत चढले होते. मागे प्रल्हादभाऊ, मांडीवर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, आणि डोळे घट्ट मिटलेले. पुढे हेल्मेट घातलेल्या निर्मलाताई. नजर नाकासमोर. मी हाक मारली नाही. नव्यानं गाडी शिकणाऱ्याला हाक मारू नये.

डाव्या हाताच्या मुठीबाहेर ती दोन बोटं सरळ पुढे निघालेली होती, वाट सांगत असल्यासारखी. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. निर्मलाताईंनी वेग कमी केला नाही. म्हशीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती बाजूला झाली.